चित्रांचं ओझं कोणी वाहायचं?

नोव्हेंबर २०१९मध्ये भारतातले बरेच लोक ट्विटर सोडून मॅस्टोडॉनकडे, म्हणजे हौशी लोकांनी चालवलेल्या आणि एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्याकडे, वळले. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद झालं होतं आणि त्या वादाच्या मुळाशी एक चित्र होतं : १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत टिपलेलं, सगळे नाझी सलाम ठोकत असताना हाताची घडी घालून उभ्या असलेल्या कामगाराचं छायाचित्र. कंपनीच्या मर्जीवर आपली चित्रं राहू नयेत, ही भावना रास्तच होती. पण कंपनी सोडली म्हणजे चित्रांचं ओझं नाहीसं होत नाही. ते कोणा हौशी माणसाच्या डोक्यावर जातं, आणि त्याची वाटणी ठरवल्याशिवाय लोकांनी चालवलेली व्यासपीठं टिकणार नाहीत, असं माझं म्हणणं आहे.

मॅस्टोडॉनवरच्या पोस्टला नेहमीची मर्यादा ५०० अक्षरचिन्हांची. ती सगळी देवनागरीत भरली तरी दीड किलोबाइटच्या आसपास जागा लागते. पाचशे किलोबाइटचा साधा फोटो म्हणजे अशा तीनशेहून अधिक पोस्ट झाल्या. शिवाय तो एका जागी राहत नाही. तुमचे अनुयायी ज्या ज्या सर्व्हरवर आहेत, तिथे त्याची प्रत उतरवून घेतली जाते. म्हणजे शंभर माणसांचा चिमुकला सर्व्हरही बाहेरच्या हजारो लोकांची चित्रं सांभाळत बसतो. डिस्क आता स्वस्त झाली, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण पुष्कळ साठवणसेवा नुसत्या जागेचं नव्हे, चित्र जितक्यांदा बाहेर जाईल त्याचंही भाडं लावतात, आणि बॅकअपचा खर्च वेगळाच. मग चित्रं फुकटच्या सेवेवर ठेवू, ही दुसरी सूचना. पण फोटोबकेट या अशाच सेवेने २०१७ साली बाहेरच्या पानांवर चित्रं दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि असंख्य जुनी पानं एका फटक्यात चित्रहीन झाली. इमगर या दुसऱ्या सेवेने २०२३मध्ये खात्याशी न जोडलेली जुनी, पडून असलेली चित्रं काढून टाकायचं ठरवलं. फुकटाची मुदत देणाराच ठरवतो.

पैशाचं एकवेळ भागेल, धोक्याचं काय? स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २०२३मध्ये मॅस्टोडॉनच्या जाळ्यातल्या २५ मोठ्या सर्व्हरांवरच्या सुमारे सव्वातीन लाख पोस्ट दोन दिवसांत तपासल्या, तेव्हा बाल लैंगिक शोषणाची, आधीच नोंद असलेली सामग्री ११२ वेळा सापडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेमी या अशाच जोडलेल्या सर्व्हरांच्या व्यासपीठावर, तिथल्या एका समूहात अशी चित्रं मुद्दाम ओतली गेली. प्रती आपोआप उतरत असल्याने, ज्यांचा त्या समूहाशी काही संबंध नव्हता अशांच्याही डिस्कवर ती पोचली. काहींनी अलीकडची सगळीच चित्रं, निरपराधसुद्धा, सरसकट पुसली. दुसरं करणार तरी काय? आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ इतरांची सामग्री ठेवणाऱ्या मध्यस्थाला संरक्षण देतं, पण सप्टेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशी सामग्री नुसती काढून भागत नाही, ती पोलिसांना कळवावीही लागते. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी वकील आहेत, अशी चित्रं ओळखणारी फोटोडीएनएसारखी यंत्रणा आहे. इथे रात्री जागणारा एकच माणूस, तोही बिनपगारी.

चित्रांवर बंधनं घातली तर लोक पुन्हा कंपन्यांकडे जातील, हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. काही जण जातीलही. पण सर्व्हर अचानक बंद पडला तर सगळेच जातात, तेही आपली चित्रं गमावून. म्हणून नव्या खात्याला पहिले काही आठवडे चित्र टाकू न देणं, बाहेरच्या प्रती आठवड्याभरात पुसणं, खर्चाचा हिशेब सभासदांपुढे मांडून वर्गणी घेणं, आणि तक्रारी पाहायला एकाऐवजी चारपाच माणसं नेमणं, एवढं तरी प्रत्येक समूहाने करावं. हे जमणार नसेल त्यांनी आपलं व्यासपीठ खुशाल मजकुरापुरतं ठेवावं. त्यात कमीपणा नाही.