मे महिन्यात केलेला पाट



हातहत्यारांनी सुतारकाम करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हत्यारं कोणती घेऊ? मी हा प्रश्न थोडा मागे ढकलणार आहे. आधी करायचं काय ते ठरवू. माझं म्हणणं, पाट करा. जेवायला बसायचा साधा पाट. पेनस्टँड किंवा किल्ल्या अडकवायची पट्टी करून हात चालतो, पण लाकडाचा स्वभाव कळत नाही. पाटात तो कळतो, कारण पाट रुंद असतो.

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र ते आयुष्यभर कमीजास्त होत राहतं. झाड तोडून पन्नास वर्षं झाली तरी. पुण्याच्या कोरड्या हवेत घरातल्या सागवानात मे महिन्यात सात-आठ टक्के ओल असते, ऑगस्टमध्ये तीच पंधराच्या आसपास जाते. एवढ्याने फूटभर रुंदीची फळी सूतभर फुगू शकते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारमंडळी अजून याच मापात बोलतात, तुम्हीही ते शिकून घ्या, वखारीत मान मिळतो. आणि हा हिशोब सागाचा, जो कमी हलणाऱ्या लाकडांत मोडतो.

जुन्या वाड्यातलं दिल्ह्याचं दार आठवा. दिल्हा, म्हणजे दाराची मधली फळी, चौकटीच्या खाचेत नुसता बसवलेला असतो. त्याला खिळा नाही, गोंद नाही. पावसाळ्यात फुगायला आणि उन्हाळ्यात आक्रसायला त्याला खाचेत जागा ठेवलेली असते. त्या सुताराने ओलीची टक्केवारी कधी मोजली नसेल, पण दार उन्हाळ्यात करताना दिल्हा सैल ठेवायचा हे त्याला पक्कं माहीत होतं. प्लायवूड आलं आणि ही काळजी घ्यायची गरज संपली. गरजेबरोबर ज्ञानही गेलं, याचं मला वाईट वाटतं.

आता हत्यारं. एक बारीक दातांची करवत, एक रंधा, अर्ध्या आणि एक इंचाची अशा दोन पटाश्या, गुण्या, मार्किंग गेज, मोगरी, दोन क्लॅम्प आणि धारेचा दगड. बास. पेटीत घालून विकतात तो चाळीस नगांचा संच घेऊ नका. करवत जपानी पद्धतीची, ओढताना कापणारी घेतलीत तर नवशिक्याला सोपी जाते. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ असलं तरी वाकत नाही. रंधा पाच नंबरचा लोखंडी घ्या. हा नंबर कुठून आला ते गमतीचं आहे. अमेरिकेत लेनर्ड बेली नावाच्या माणसाने रंध्याची रचना सुधारली, १८६९ साली स्टॅन्ले कंपनीने त्याची पेटंटं घेतली, आणि त्यांच्या यादीतले नंबर आज जालंधरला तयार होणाऱ्या रंध्यांवरही चालतात. बाकाची चिंता करू नका. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सुतारांनी जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम केलं आहे.

नवी पटाशी दुकानातून येते ती धार नसलेलीच, हे मात्र कोणी सांगत नाही. लोक तशीच वापरतात, जोर लावतात, ती सटकते, हात कापतो आणि छंद संपतो. म्हणून पहिला आठवडा लाकडाला हात लावू नका. जाड काचेवर पाण्याचा पेपर चिकटवा, पाणी शिंपडा आणि पटाशीची सपाट पाठ धारेजवळ आरशासारखी होईपर्यंत घासा. पाठ सपाट नसेल तर धार कधीच लागत नाही. मग उतरती बाजू. कारखान्यातून ती साधारण २५ अंशांची येते. तुम्ही अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी काढायची. घासता घासता पाठीच्या बाजूला पोलादाची एक सूक्ष्म कोर उलटते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला खरखर लागते. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली, की त्या पेपरचं काम झालं. पुढचा बारीक पेपर घ्या. शेवटी चामड्यावर दोन्ही बाजू ओढून कोर काढून टाका. परीक्षा पाइनच्या तुकड्याच्या डोक्यावर, जिथे रेषांची टोकं दिसतात तिथे घ्यायची. नुसत्या हाताच्या दाबाने पापुद्रा निघाला आणि मागे गुळगुळीत, चकचकीत कापलेला भाग दिसला, तर धार आहे. लाकूड चुरगाळलं तर नाही.

हे शाळेत शिकवायला हवं होतं. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. त्यानंतरच्या झाकिर हुसेन समितीने सुचवलेल्या मूलोद्योगांत सूतकताईबरोबर सुतारकामही होतं. आमच्या वाट्याला आला तो कार्यानुभवाचा तास आणि घोटीव कागद. असो.

पाटाकडे येऊ. वखारीतून जुन्या दारा-खिडक्यांचं सागवान घ्या. ते चांगलं मुरलेलं असतं. रंध्याखाली घेण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा, मोडलेला खिळा पात्याची वाट लावतो. फूटभर रुंद फळी महाग पडते, म्हणून सहा-सहा इंची दोन जोडायच्या. जोडाच्या दोन्ही कडा एकदमच रंधायच्या : फळ्या पुस्तकासारख्या मिटून, कडा वर करून, एकत्र आवळून. रंधा थोडा कलला तरी एका कडेचा कल दुसरीच्या कलाला बरोबर भरून काढतो. उघडून एकीवर एक उभी करा आणि खिडकीसमोर धरा. फटीतून उजेड दिसला नाही तर गोंद लावा. रंधताना लाकूड उपटायला लागलं, तर जोर वाढवू नका, फळी फिरवा. तुम्ही रेषांच्या उलट चालला आहात.

खालच्या दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे पाटाचे पाय, इथे सगळी परीक्षा आहे. पट्टीच्या रेषा पट्टीच्या लांबीत, म्हणजे फळीच्या रुंदीत धावतात. पट्टी लांबीत वाढणार नाही, फळी रुंदीत वाढणार. गोंदाने दोन्ही जखडल्या, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फळी तडकते नाहीतर वाकते. तेव्हा गोंद नाही. मधला स्क्रू पट्टीतल्या गोल भोकातून घट्ट, आणि कडेच्या दोन स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोकं, म्हणजे फळी हलली की स्क्रू सरकतो. अजून सफाईचं काम म्हणजे पट्टी डव्हटेलच्या खाचेत सरकवून बसवणं. ते दुसऱ्या पाटाला करा.

वर डबल बॉइल्ड जवसाचं तेल फडक्याने पातळ लावा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसा, दोन दिवसांनी पुन्हा. ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि फडक्याचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर एकेरी पसरून पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात टाका.