बिघाड शोधण्याची विद्या

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



मी आज आपले लक्ष एका लोखंडी पेटीकडे वेधणार आहे. फॅब्रिकेशनच्या दुकानात धातूचा पत्रा कापणारी ही पेटी म्हणजे प्लाझ्मा कटर. ती बंद पडली की दुकानाचे काम थांबते, कारागिरांची रोजी बुडते आणि ती नीट दुरुस्त करणारा माणूस शोधत फिरावे लागते. असा माणूस आपल्याच घरात तयार होऊ शकतो. त्यासाठी त्याला काय शिकावे लागते, हे विद्यार्थ्यांबरोबर पालकांनाही कळावे म्हणून हा विषय निवडला आहे.

गॅसच्या ज्योतीने साधे पोलाद कापता येते, कारण तापलेले लोखंड प्राणवायूत जळते. स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियम तसे कापत नाही. १९५७ साली अमेरिकेत रॉबर्ट गेज यांना एका निराळ्या पद्धतीचे पेटंट मिळाले. विजेचा आर्क तांब्याच्या अरुंद नोझलमधून वायूच्या झोताबरोबर दाबून बाहेर काढायचा. त्या झोताने धातू वितळतो आणि वितळलेला धातू उडून जातो. आजच्या लहान यंत्रांत हा वायू म्हणजे कॉम्प्रेसरची साधी हवाच असते.

या आर्कला वीज पुरवणारा भाग म्हणजे इन्व्हर्टर. घरातील २३० व्होल्ट वीज आधी एकदिश होते आणि सुमारे ३२५ व्होल्टने मोठ्या कपॅसिटरांत साठते. मग आय. जी. बी. टी. नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच ती सेकंदाला वीस हजार वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा उलटसुलट करतात. असे का करायचे? विहिरीवरून पन्नास खेपांत पाणी आणायचे तर मोठा हंडा लागतो. वीस हजार खेपा घातल्या तर तांब्यानेही भागते. ट्रान्सफॉर्मरचेही तसेच आहे. खेपा वाढल्या, म्हणून तो लहान झाला आणि पूर्वी गाड्यावर न्यावे लागणारे यंत्र आता एका हाताने उचलता येते.

आता बिघाडाकडे वळू. पहिला धडा जिवाचा आहे. प्लग काढला म्हणजे यंत्र मेले, असे समजू नका. ४७० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर ३२५ व्होल्टला भरलेले असले, तर त्यांत सुमारे ५० ज्यूल ऊर्जा दडलेली असते. तेवढी माणसाचा घात करू शकते. म्हणून प्लग काढावा, पुस्तिकेत दिला असेल तितका वेळ थांबावे आणि मग मीटर लावून पाहावे. दाब शिल्लक असेल, तर योग्य रेझिस्टरमधून तो उतरवावा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणे यात शौर्य काही नाही, नुकसान मात्र आहे.

दुसरा धडा असा, की पेटी उघडण्यापूर्वी चालवणाऱ्याला विचारा. यंत्र अजिबात सुरू होत नाही, की आर्क पेटून तुटतो? सकाळी चालते आणि दुपारी बंद पडते का? वैद्य जसा नाडीआधी हकीकत ऐकतो, तसेच हे आहे. दुपारी बंद पडणाऱ्या यंत्राचा पंखा आणि आतली धूळ आधी पाहावी. आर्क पेटून तुटत असेल, तर आधी बाहेरच्या गोष्टी तपासाव्यात. अर्थिंगचा क्लॅम्प गंजलेल्या किंवा रंगवलेल्या पत्र्यावर लावला आहे का? लांब आणि बारीक वायरीमुळे दाब घसरतो का? पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी हवेबरोबर टॉर्चमध्ये येते का? इलेक्ट्रोडच्या टोकात हाफ्नियम नावाच्या धातूचा ठिपका असतो. तेथे साधारण दीड मिलिमीटर खोल खड्डा पडला असेल, तर इलेक्ट्रोड बदलावा. किरकोळ खर्चाच्या कारणासाठी अख्खी पेटी उघडली जाऊ नये.

टॉर्चची टोपी सैल असेल, तर यंत्र मुद्दामच सुरू होत नाही. तेथे सुरक्षेचा स्विच असतो. काही जण दोन तारा जोडून तो कायमचा निकामी करतात आणि "झाले काम!" म्हणतात. पण टॉर्चच्या टोकाला आर्क नसताना २५० ते ३०० व्होल्ट असू शकतात. ही दुरुस्ती नव्हे, दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. जळालेला भाग हा पुष्कळदा बिघाडाचा परिणाम असतो. कारण दुसरीकडेच असते. समजा, पेटी उघडली आणि एक आय. जी. बी. टी. शॉर्ट झालेला सापडला. उतावळा मेकॅनिक नवा बसवतो, बटण दाबतो आणि "फट्" असा आवाज होऊन नवाही जातो. असे का व्हावे? हे स्विच आळीपाळीने चालायचे असतात. अरुंद पुलावर दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी सोडल्या तर जे होईल, तेच येथे होते. त्यांना पाळी लावून देणारा ड्रायव्हर भाग बिघडलेला असतो, किंवा पहिल्या स्विचने जाताना त्यालाही सोबत नेलेले असते. म्हणून गेटचे रेझिस्टर, झेनर डायोड, ड्रायव्हर, ब्रिज रेक्टिफायर आणि बाहेरच्या बाजूचे डायोड तपासल्याशिवाय नवा भाग बसवू नये. मुख्य पुरवठा तोडून, नियंत्रण भागाला वेगळा कमी दाबाचा पुरवठा द्यावा आणि प्रत्येक गेटचा संकेत ऑसिलोस्कोपवर पाहावा.

त्यानंतरही थेट वीज देऊ नये. शंभर-दोनशे वॉटचा जुन्या तऱ्हेचा, तंतूचा बल्ब सिरीजमध्ये लावावा, एल. ई. डी. बल्ब येथे चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला, तर कपॅसिटर भरले आणि आत मोठा शॉर्ट नाही, असे समजावे. तो प्रखर पेटूनच राहिला, तर वीज बंद करून पुन्हा शोधास लागावे. मात्र बल्ब लावला तरी कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरतातच, हे विसरू नका. तसेच आर्क पेटवण्यासाठी उच्च दाबाची ठिणगी वापरणाऱ्या यंत्रात, ती चालू असताना बाहेरच्या टोकांना मीटर लावू नका; मीटर तर जाईलच, हातही वाचेल याची खात्री नाही.

पालकहो, "अभ्यासात लक्ष नाही, मग टाका आयटीआयला," असे आपण सहज बोलून जातो. आताच जे सांगितले, त्यात भौतिकशास्त्र आले, गणित आले आणि पुस्तिका वाचण्यापुरती इंग्रजीही आली. शिवाय धीर आला, जो कोणत्याही परीक्षेत सहज मिळत नाही. उस्तादाच्या हाताखाली राहून हात तयार होतो; परंतु "का?" हा प्रश्न विचारण्याची सवय शाळेतच लागावी लागते. ज्याला दोन्ही मिळाले, त्याला कामासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आणि विद्यार्थिनींनो, कारण मीटर धरणारा हात मुलाचा की मुलीचा हे यंत्राला कळत नाही, एक वही ठेवा. प्रत्येक यंत्राची तक्रार, तुम्ही काय मोजले, किती आले आणि शेवटी कारण काय निघाले, हे तिच्यात लिहा. ज्या दिवशी एखादा गिऱ्हाईक म्हणेल, "कालच बदललेला भाग पुन्हा गेला," त्या दिवशी वही उघडा आणि मोजमाप पहिल्यापासून पुन्हा घ्या. भाग बदलणारे पुष्कळ आहेत. कारण सांगू शकणारे थोडे आहेत. तुम्ही त्या थोड्यांत असावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी माझे भाषण संपवतो.