नाव काय लिहू?

संसदेतील स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाविषयी बोलावयाचे म्हटले की वक्ता थेट दिल्लीच्या सभागृहात शिरतो. मला मात्र आज आपणांस एका घराच्या उंबरठ्यापाशी न्यावयाचे आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्या तयार होत होत्या त्या दिवसांतील ही गोष्ट. वही बगलेत मारून आलेला कारकून बाहेर उभा आहे, दाराआडून बांगड्यांची किणकिण तेवढी ऐकू येते आहे, आणि ‘नाव काय लिहू?’ या त्याच्या साध्या प्रश्नाला उत्तर मिळते ते ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याची बायको’ एवढेच. परक्या पुरुषास स्वतःचे नाव सांगणे हे कुलीनतेस शोभत नाही अशी त्या मुलुखांतील वहिवाट, आणि कारकुनानेही मिळालेले उत्तर इमानेइतबारे दप्तरी दाखल केलेले. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांत हे विशेषेकरून घडले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्याचे नाकारले. बिहारला दुरुस्तीसाठी महिनाभराची वाढीव मुदतही दिली. तरीसुद्धा देशातील सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लक्ष नावे (नावे तरी कशी म्हणावीत, ती नुसती नाती होती) यादीतून खारीज झाली.

हा निर्णय त्या काळी पुष्कळांना निष्ठुर वाटला असेल. मला तो न्याय्य वाटतो. कारण मत हे नात्याला मिळत नसते, व्यक्तीला मिळते, हे एकदा कोणीतरी दप्तरात ठामपणे लिहिणे अवश्य होते.

आपण महाराष्ट्रीयांनी यावर हसावे असेही नाही. नवऱ्याचे नाव घ्यावयाचे तर उखाण्याच्या यमकाचा आडोसा घेणारी, आणि लग्नाच्या दिवशी ताटातील तांदळात अंगठीने रेखलेले नवे नाव मुकाट्याने धारण करणारी स्त्री आपल्याच घरातली. माझ्या एका आत्याला घरीदारी सारे ‘माई’ म्हणत. मतदानकेंद्रावर कारकुनाने यादीतील तिचे नाव तेथे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जावे म्हणून मोठ्याने वाचले, तेव्हा टेबलाशी उभ्या असलेल्या माईने मागे वळून पाहिले, ही लक्ष्मीबाई कोण म्हणून. बोटाला शाई लागली तरी तिच्या चेहऱ्यावरचा संशय काही पुरता फिटला नव्हता.

आणि त्या उंबरठ्यावरच्या कारकुनास तरी एकट्याला दोष का द्यावा? १९३५च्या कायद्याने इंग्रज सरकारने स्त्रियांचा मताधिकार वाढविला खरा, पण त्यातील एक वाट अशी होती की पतीच्या मालमत्तेच्या आधारावर पत्नीला मत मिळावे. म्हणजे कायद्याच्या लेखीही ती प्रथम अमक्याची पत्नीच होती. याच कायद्याने प्रांतिक विधिमंडळांत स्त्रियांसाठी काही जागा राखून ठेवल्या, ज्या स्त्रियांच्या प्रमुख संघटनांना नकोच होत्या. पुढे घटनासमितीत हंसाबेन मेहता, रेणुका राय यांच्यासारख्या विदुषींनी आम्हांस सवलत नको, समता हवी, अशीच भूमिका घेतली. त्यांचा तो मानीपणा मला वंदनीय वाटतो; हिशेब मात्र चुकला. पहिल्या लोकसभेच्या ४८९ जागांत स्त्रिया पंचवीससुद्धा नव्हत्या. पुण्याच्या इंदिराबाई मायदेव आणि मुंबईच्या जयश्री रायजी त्यांपैकी होत. २०२४ साली निवडून आलेल्या ५४३ सभासदांत स्त्रिया ७४.

मधल्या काळातली एक आठवण मोठी बोलकी आहे. १९७७ साली आणीबाणीनंतर मुंबईने मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या दोघींना लोकसभेवर धाडले, आणि इकडे रायबरेलीत पंतप्रधान इंदिरा गांधी पराभूत झाल्या. हंडे-कळशा घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढणाऱ्या मृणालताईंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घरोघर पोचली. ऐकणाऱ्यास वाटावे, सारे राजकारण आता बायकांच्याच हाती गेले! प्रत्यक्षात त्या निवडणुकीत देशभरातून लोकसभेवर गेलेल्या स्त्रिया अवघ्या १९, म्हणजे त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही कोणत्याच सार्वत्रिक निवडणुकीत इतक्या थोड्या नव्हत्या.

अडचण मतदाराची नाही. २०१९ साली स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांच्याहून तसूभर पुढेच होती. अडचण आहे ती पक्षकचेरीच्या बंद दाराआड, जेथे उमेदवारीची यादी ठरते, आणि ‘बाई निवडून येईल का, खर्च कोण करील?’ या प्रश्नापाशी वर्षानुवर्षे राबलेल्या कार्यकर्तीचे नाव गळते. ज्या थोड्यांना तिकीट मिळते त्यांतही पुष्कळ जणींची ओळख करून देताना सांगितले जाते काय, तर कैलासवासी अमक्यांच्या पत्नी, किंवा तमके साहेबांच्या कन्या. सुकुमार सेनांनी यादीतून खारीज केलेली नोंद ही अशी मागल्या दाराने परत आलेली आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींतून आता निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, तेथेही सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांचे यजमान दुसरी खुर्ची ओढून बसलेले मी पाहिले आहेत. मात्र पाच-सात वर्षांनी त्याच गावी गेलो तेव्हा ती दुसरी खुर्ची हलली होती, हेही सांगितले पाहिजे.

लोकसभेतील व विधानसभांतील एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारी १०६वी घटनादुरुस्ती २०२३ साली मंजूर झाली. लोकसभेत विरोधी मते पडली केवळ दोन. पण तिचा अंमल त्यानंतरच्या पहिल्या खानेसुमारीशी आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधून ठेवण्यात आला. म्हणजे त्याआधी पुन्हा कोणीतरी उंबरठ्याशी येऊन उभे राहावयाचे. बहुधा एखादी प्राथमिक शाळेची शिक्षिका, हातात वहीऐवजी यंत्र. आणि ती प्रथम विचारणार, नाव काय लिहू?