गड कुठं जात नाही

१९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन पर्वतारोहण संस्था निघाली, आणि आदल्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेले तेनसिंग नोर्गे तिथं शिकवू लागले. शिखर गाठणं वेगळं आणि डोंगर शिकवणं वेगळं. हा फरक मला राजगडाच्या वाटेवर कळला.

मी तेव्हा उमेदवार शिक्षक होतो. गुंजवण्याहून २४ मुलं घेऊन निघालो. मला पुढं चालायची भारी हौस! पण गुरुजींनी मला शेवटी ठेवलं. म्हणाले, "सगळ्यांत हळू चालणारा पोर बघ. त्याच्या मागं राहा. त्याची चाल तीच तुझी चाल."

चोरदरवाजा जवळ आला आणि पाऊस कोसळला. कातळ निसरडा झाला. गुरुजींनी सर्वांना माघारी फिरवलं. मुलं हिरमुसली, खरं सांगायचं तर मीही.

गावात पोचल्यावर त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

मी मोजली. "चोवीस."

"मग मोहीम फत्ते! गड कुठं जातोय? मार्गशीर्षात पुन्हा येऊ."

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना डोंगरावर अवश्य न्या. मात्र निघताना, वाटेत आणि उतरल्यावर डोकी मोजा. आणि माघारी फिरायची वेळ आली, तर लाजू नका.