आधी मोजणी, मग मॅच



आठवडाभर मी कोडिंग करते. रविवारी मात्र लेकीच्या फुटबॉल संघाची मॅनेजर असते. पुण्याहून सोळा मुली घेऊन कोल्हापूर, मुंबईला सामन्यांना जाताना आपले पीटीचे सर आठवतात. एसटीत चढताना-उतरताना ते आपल्याला मोजायचे आणि आपण हसायचो. आता मीही मोजते.

माझे नियम साधे आहेत. रात्रीचा प्रवास नाही. प्रत्येकीची बाटली वेगळी. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. मैदानावर पोचताच जवळचं हॉस्पिटल विचारून ठेवायचं. 108 नंबर सगळ्यांना पाठ.

तरी गेल्या वर्षी चुकले. सामन्यात दोघींची डोकी आपटली. "काही नाही झालं, काकू," आमची मुलगी म्हणाली. मी मान डोलावली, ती खेळली. परतीच्या वाटेवर तिला उलट्या सुरू झाल्या. गाडी थेट हॉस्पिटलला वळवली. सुदैवाने ती बरी झाली. नंतर म्हणाली, "सांगितलं असतं तर संघातली जागा गेली असती."

आता गाडी सुटण्याआधी सगळ्यांना सांगते, "डोक्याला मार लागला की त्या दिवशीचा खेळ संपला. डॉक्टरांनी परवानगी दिली की परत ये, जागा तुझीच."

सर, मोजून झाल्यावर तुम्ही विचारायचात, "कुणाला बरं वाटत नाहीये का?" तो प्रश्न मोजणीइतकाच मोलाचा होता, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.