पोथीचं पहिलं पान फेकू नका

आजचा एपिसोड छोटा आहे. आसनगावला लोकल पकडलीत, तर वाशिंद यायच्या आत संपेल.

युरोपातल्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या छापील पुस्तकांचे स्कॅन बघा. मजकुराचं पहिलं अक्षर चौकटीत, वेलबुट्टीत, कधी माणसा-प्राण्यांच्या चित्रात बसवलेलं असतं. आपण लगेच अर्थ शोधतो: इथे सिंह का? पुष्कळदा काहीच कारण नसतं. लाकडी ठसा कोरणं खर्चाचं काम, म्हणून छापखाना तोच ठसा वेगवेगळ्या पुस्तकांत वापरायचा. काही ठशांत तर मध्ये मोकळी जागाच असे, हवं ते अक्षर बसवा. टेम्प्लेटच की!

खरी माहिती असते ती ठशाच्या झिजेत. लाकडाला चीर जाते, कीड लागते, आणि ती भोकं छापात पांढरी उमटतात. भोकं सहसा वाढतच जातात. त्यामुळे साल नसलेलं पुस्तक, त्याच ठशाच्या साल असलेल्या पुस्तकांशी ताडून, आधीचं की नंतरचं ते कळतं.

आपल्याकडे छापखाना पहिल्यांदा आला गोव्यात, १५५६ साली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, पण रोमन लिपीत. त्यांनीच १६०८ च्या पत्रात अडचण सांगितलीय: युरोपात २४ साचे पुरतात, इथल्या लिपीला ६०० लागतील. मला हे फार ओळखीचं वाटलं. आजही 'श्री' हे एक अक्षर कम्प्युटर चार तुकड्यांत साठवतो, आणि पहिलं अक्षर मोठं करताना चारही एकत्र उचलले नाहीत तर ते फुटतं.

१६१६ च्या त्या छापील पुस्तकाची एकही प्रत आज माहीत नाही. मजकूर हस्तलिखितांमुळे वाचला.

देवनागरीत कॅपिटल नाही. आपल्या पोथीत ती जागा गणपतीच्या चित्राची आणि 'श्रीगणेशाय नमः'ची. शहापूर-मुरबाडकडे पोथी फाटली की भातसेत नाहीतर काळू नदीत सोडतात. सोडा, श्रद्धेचा प्रश्न आहे. पण त्याआधी पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढा. छापखान्याचं नाव, शक तिथेच सापडतात. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. चित्राच्या कडा कापू नका, चीर बहुतेक तिथेच असते. आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक रेघा कॉम्प्रेशनमध्येच गायब होतात.