शाळेतील वेगळी मुले आणि आपण
(उल्हासनगर कॅम्प १ येथील विद्यार्थी सभेतील भाषण)



विषय जाहीर होताच मागच्या रांगेत हसू झाले. ते आम्हाला अपेक्षितच होते. समलिंगी किंवा तृतीयपंथी हा शब्द आला की आपल्याकडे एक तर हसतात, नाही तर उठून जातात. आज कोणी उठून गेले नाही, याबद्दल आभार.

मुलींसारखा चालतो म्हणून एखाद्या मुलाला 'बायल्या', 'छक्का' म्हणायचे, केस बारीक ठेवणाऱ्या मुलीला भर वर्गात 'तू नक्की मुलगी ना?' असे विचारायचे, हे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही? असा मुलगा मुतारीत जायला घाबरतो, कारण तिथे शिक्षक नसतात. म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नाही. मग पी.टी.चा तास चुकवतो, मग शाळा चुकवतो. नववीत नापास झाला की घरचे म्हणतात, याला अभ्यासाची गोडीच नव्हती.

शाळेत तहानलेले राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. नळाला हात लावायची मनाई होती. शिपाई हजर नसला तर पाणी मिळत नसे. कारण वेगळे होते. पण मुलाला शाळेतून हुसकण्याची रीत तीच आहे.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "हे श्रीमंतांचे चोचले आहेत, चळवळीशी याचा काय संबंध?" त्यांना १९३४ सालची आठवण द्यावीशी वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. मुंबईत कर्व्यांचे वकीलपत्र कोणी घेतले? बॅरिस्टर आंबेडकरांनी! लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, लोक अडचण विचारतात तर त्यांना ज्ञान मिळालेच पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांचा आधार देऊन, काहींची ओढ निसर्गतःच तशी असते, हेही त्यांनी मांडले. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पुणे करार होऊन दोनच वर्षे झाली होती. बाबासाहेबांना कामे कमी नव्हती. तरी ते उभे राहिले.

त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलिंगी असणे रोगांच्या यादीतून काढले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी विद्यार्थ्यांना भेदभावाविना शिक्षण देणे शाळांवर बंधनकारक केले. शाळेत मात्र हे फारसे पोचले नाही. एनसीईआरटीने २०२१ साली शिक्षकांसाठी चांगली पुस्तिका काढली. ओरड होताच ती संकेतस्थळावरून काढून घेतली. कायदा कपाटात आणि पोरगा मुतारीच्या दाराशी, असा हा प्रकार!

शिक्षक बंधू-भगिनींना एक कळकळीची विनंती. एखाद्या मुलाने विश्वासाने मन उघडे केले, तर त्याच्या परवानगीशिवाय घरी कळवू नका. तुम्हाला वाटते आपण कर्तव्य केले. इकडे बापाचा पट्टा निघतो, मुलीचे शिक्षण बंद करून स्थळ शोधायला सुरुवात होते. जिवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी मुलाशी बोला. आणि पालकांनो, भगताकडे नेऊ नका, 'बदलून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडेही नेऊ नका. असा उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ सालीच ठरवले आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमचे काम सोपे आहे, तरी त्याला धैर्य लागते. चिडवणाऱ्या टोळक्यात उभे असाल तर हसू नका. त्या मुलाबरोबर डबा खा. मुतारीकडे जाताना त्याला हाक मारा, सोबत जा. त्याचे गुपित कळले तर ते तुमच्यापाशीच राहू द्या.

संस्थेच्या अभ्यासिकेबद्दल कार्यकारिणीपुढे आमची सूचना आहे. तिथे आडनावावरून, जातीवरून कोणी कोणाला बोलत नाही. तोच नियम चालण्या-बोलण्यावरून चिडवण्यालाही लावावा. संडासाची कडी मोडलेली आहे, ती या आठवड्यात बसवावी. आणि दाराच्या आतल्या बाजूला, उभे राहून कोणाच्या नजरेस न पडता वाचता येईल अशा जागी, दोन क्रमांक मोठ्या अक्षरात लिहावेत: मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६.